दोन पाट

पुण्याहून रिपोर्ट आला, त्या दिवशी माझी बहीण एकोणीस वर्षांची होती. माणसाच्या पेशीत सेहेचाळीस गुणसूत्रं असतात. तिच्या पेशीत पंचेचाळीस होती.

वडील कर्जतला शाळेत गणित शिकवत. त्यांनी तो इंग्रजी कागद आईला मराठीत वाचून दाखवला. उंची एवढीच राहील, पाळी आपली आपण यायची नाही, मूल होणार नाही, हृदयाकडे मात्र लक्ष ठेवावं लागेल. बुद्धीला काही धक्का नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी ताईला तोंडी आणखी एक सांगितलं होतं, की हे गुणसूत्र नसलेले बहुतेक गर्भ जन्मापर्यंत पोचतच नाहीत.

"म्हणजे मी मोठी परीक्षा पास होऊन आलेय," ताई मला म्हणाली. "तू आपली नुसतीच आलीस."

आईने 'एक कमी आहे' एवढंच धरून ठेवलं. कमी आहे तर भरून काढू, म्हणून तिने डिंकाचे लाडू केले. ताईला लाडू आवडत नसत. तिच्या वाटचे मी खाल्ले आणि वर्षभरात माझे दोन परकर आखूड झाले.

ताईला शिक्षिका व्हायचं होतं. अध्यापक विद्यालयाचा फॉर्म तिने भरून ठेवला होता, फक्त वडिलांची सही राहिली होती. पण आत्याचं म्हणणं, आधी लग्न. "एवढ्याशा जिवाला परगावी धाडतोस व्हय रे? तिचं घर होऊ दे." वडिलांनी वाद नको म्हणून फॉर्म पुस्तकांच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. मुदत संपायला चार दिवस होते, तेव्हा आत्याने राशीनजवळचं एक स्थळ आणलं.

पाहुणे बघायला यायचे होते, त्या सकाळी आत्याने माजघराच्या दारात दोन पाट एकावर एक ठेवले, ताईला त्यावर उभं केलं आणि निऱ्या जमिनीपर्यंत सोडल्या. पाट अजिबात दिसेनात.

"हलू नको फक्त," आत्या म्हणाली. "आन् त्या कागदाचं तोंडातून काढू नको. मागनं सांगू."

वडील बाहेर सतरंजी घालायला गेले. पोहे मी फिरवले. मुलाच्या चुलत्यांनी ताईला शिक्षण विचारलं, शिवण येतं का विचारलं, आणि मग म्हणाले, "बरं, जरा चालून दाखव, बाळ."

बघायला आलेले चालायला सांगतातच. आमच्या आत्याने स्वतः किती मुलींना चालायला लावलं असेल. पण हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

ताईने वडिलांकडे पाहिलं. मग निऱ्या उचलून ती पाटांवरून खाली उतरली आणि शांतपणे म्हणाली, "काका, मी एवढीच आहे. आणि मला मूल होणार नाही, डॉक्टरांनी लिहून दिलंय. घरच्यांनी आधी सांगायला हवं होतं."

चुलत्यांनी हातातली बशी संपवली.

"पोहे कुनी केले?"

"मीच," ताई म्हणाली.

"लई चांगले झालेत," ते म्हणाले आणि वडिलांकडे वळले. "गुर्जी, सोयरीक न्हाई जमायची. राग नसावा."

"छे, छे," वडील म्हणाले. मला हसू आवरेना म्हणून मी आत पळाले. आत्या चुलीपाशी तोंडाला पदर लावून बसली होती. रडते आहे असं वाटलं, पण तीही हसत होती. "चालायचं इसरलेच की गं मी," ती म्हणाली.

पाहुणे गेल्यावर ताईने ते दोन्ही पाट उचलले, पुस्तकांच्या फळीखाली मांडले, वर चढून फॉर्म काढला आणि धूळ झटकून वडिलांसमोर ठेवला. वडिलांनी लगेच सही केली.

तिने पुढे तीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवला. फळ्यावर वरच्या ओळी लिहायला ती पाटावर उभी राहायची, आणि दिवाळीपर्यंत एखादा मुलगा तिच्या खांद्याला लागला की त्याला पेढा द्यायची. गेल्या पौषात ती हृदयविकाराने गेली.

दोन्ही पाट माझ्या स्वयंपाकघरात आहेत. वरच्या फळीवरचं काढायला मला ते लागत नाहीत.