दोघांचा खर्च

चूक पुतण्याचीच. निवृत्तीनंतर काका-काकूंनी कुठे राहावं, याचा तक्ता त्यानेच मोठ्या ऐटीत केला होता: भाडं, भाजी, डॉक्टर, मोकळी हवा. इथे दोघांना पेन्शन पुरत नव्हती, परदेशातल्या त्या स्वस्त किनाऱ्यावर मात्र चैन होती. पुढे काकू गेली. पठ्ठ्याने तिचा रकाना काढलाच नाही आणि त्याच कागदाच्या भरवशावर काका एकटे विमानात बसले. आयुष्यभर पाण्याचे मीटर वाचलेला माणूस तो; लिहिलेला आकडा म्हणजे त्याला काळ्या दगडावरची रेघ.

सहा महिन्यांनी चूक ध्यानात आली, तेव्हा पुतण्याने तक्ता पुन्हा तपासला. त्याने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर गॅलरी दिसली, दोन खुर्च्या, चहाचे दोन भरलेले कप.

"काका, गाढवपणा झाला माझा. एकट्याचं तर तुमचं इथेही आरामात भागतं. परत या."

"अरे शहाण्या, तो रकाना मी पहिल्याच दिवशी पाहिला होता," काका हसले. "तिथे एकट्याचं भागतं. इथे दोघांचं भागतंय."

पुतण्याने पडदा जवळ घेऊन पाहिलं. काका जागचे हलले नव्हते, स्वतःच्या कपालाही त्यांनी हात लावला नव्हता. पलीकडचा कप मात्र अर्धा झाला होता.

"आणि हो, तिचा चष्मा तिथेच राहिलाय. समुद्र नीट दिसत नाही म्हणते. पाठवतोस ना?"

"उद्याच पाठवतो," तो बोलून गेला.

त्याला महिना झाला. चष्मा पुसून डबीत तयार आहे. पार्सलवर नाव कुणाचं लिहायचं, एवढ्यावरच अडलंय.