हळदीतली हिरवी मान

"अरं दादा, तुजी मान हिरवी झाली!"

माझी धाकटी बहीण भर मांडवात अशी किंचाळली, की डीजेसुद्धा दबकला.

मुलाची हळद होती. आमच्या करावे गावात लग्न एक वेळ साधं चालेल, हळद नाही. शेजारच्या आळीनं दोन ट्रक डीजे लावला, म्हणून मी तीन लावले. त्या दणक्यानं खाडीतले मासे आपण होऊन किनाऱ्यावर आले. मटणाच्या वासानं सीवूड्सचा मॉल रिकामा झाला. आणि हे सगळं उसन्या पैशांवर! फ्रिज, मुलाची बाईक आणि माझा फोन यांचे हप्ते आधीच चालू होते. बँकेनं हात जोडले, तेव्हा मी गळ्यातली सोनसाखळी गहाण टाकली.

पण नवरदेवाचा बाप मोकळ्या गळ्यानं नाचणार कसा? वाशीहून वन ग्रॅमवाली आणली. वरून सोन्याचा मुलामा, आतून तांबं. खरीपेक्षा दुप्पट जाड. आपल्याला नकलीतही कंजुषी जमत नाही. दोन गाण्यांच्या घामात तिनं रंग सोडला.

"नवीन पॉलिश हाय," मी म्हणालो.

"पॉलिश तुमच्या तोंडाला हाय," बायको म्हणाली.

हसण्यावारी गेलं असतं. पण नवरदेवाची उष्टी हळद उरणला नवरीकडे न्यायची होती, आणि नेणार होती हीच बहीण, टेम्पोभर बायका घेऊन. म्हणजे हळदीआधी माझी मान पोचणार! असल्या कर्जबाजारी घरात मुलगी कशाला द्यायची, असं व्याह्यांच्या मनात आलं तर उद्याचं लग्न संपलंच.

"पप्पा," हळदीनं माखलेला मुलगा म्हणाला, "लग्न मोडलं ना, तर बाईकचे हप्ते तुमीच भरा."

टेम्पो गेला. मी गळ्याला टॉवेल गुंडाळून बसलो. शेवटी व्याह्यांचा फोन आलाच. त्यांना 'हॅलो'सुद्धा म्हणू न देता मी सगळं ओकलो: गहाण साखळी, फ्रिज, बाईक, तिसरा ट्रक. "पोरीला काय कमी पडू देनार नाय," मी रडकुंडीला येऊन म्हणालो. "पन लग्न मोडू नका."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"लिंबू चोळा," व्याही म्हणाले. "माजी मान साखरपुड्याला अशीच झालती. दोन दिवसांत गेली."