खुर्च्या नकोत, चष्मे द्या

“विचारायला काय जातं?” असं म्हणून आत्याबाईंनी पदर कमरेला खोचला, की समजावं, आता समोरच्याची खैर नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या देवासात ही एकच होती, आणि ती पुरेशी होती.

देवासची दोन्ही संस्थानं, थोरली पाती आणि धाकटी पाती, विलीन झाल्यावर जकातीची एक खोली ओस पडली होती. आत्याबाई म्हणजे थोरल्या पातीच्या दरबारातल्या एका कारकुनाची विधवा, साठीला टेकलेल्या. त्यांनी ती खोली नगरपालिकेकडून मागून घेतली आणि दुपारी तिथे बायकांना लिहायला-वाचायला शिकवू लागल्या. मी शाळेत इंग्रजीचा मास्तर आणि त्यांचा शेजारी; म्हणजे ओघानंच त्यांचा बिनपगारी लेखनिक.

एकदा त्या वर्तमानपत्र घेऊन आल्या. दिल्लीतली एक परदेशी वकिलात गावोगावच्या लहान कामांना मदत देते, असं त्यात छापलं होतं.

“लिही रे भिया,” त्या मला म्हणाल्या.

“आत्याबाई, ते आपल्या एका खोलीला कशाला देतील?”

“विचारायला काय जातं?”

आणि काही महिन्यांनी खरंच वकिलातीचा एक उंच साहेब मोटारीतून उतरला. त्यानं विचारलं, “इथे किती जणींना वाचता येतं?” मी हळूच मराठीत म्हणालो, “वीस सांगू?”

“चार,” आत्याबाई ठणकावून म्हणाल्या. “सगळ्यांना येत असतं तर ह्यांना एवढ्या लांब कशाला बोलावलं असतं?”

मी तसंच सांगितलं. साहेब खो खो हसला.

मदत मंजूर झाली, पण टेबल-खुर्च्यांसाठी. त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. वर्गातली एक कुंभारीण पुस्तक हातभर लांब धरायची आणि म्हणायची, “म्हके तो कंई नी दिखे, बाई.” ‘दिसत नाही’ हा आत्याबाईंना आळस वाटे, त्या तिला रागवत. त्या दिवशी वैतागून त्यांनी स्वतःचा चष्मा तिच्या नाकावर चढवला. कुंभारणीनं अख्खी ओळ वाचली.

आत्याबाई तिच्या शेजारी सतरंजीवर बसल्या. “उगाच बोलत होते गं तुला इतके दिवस.”

संध्याकाळी माझ्याकडे आल्या. “लिही. आमच्या बायका सतरंजीवर बसतात. खुर्च्या नकोत, चष्मे द्या.”

“अहो, मिळालेलंही परत जाईल!”

“जाऊ दे,” त्या म्हणाल्या.

दीड महिना उत्तर नाही. हातचं घालवलं म्हणून गावानं नावं ठेवली. पोस्टमन दिसला की आत्याबाई उगाचच अंगण झाडायला येत. शेवटी पत्र आलं. परवानगी होती, आणि खाली साहेबानं हातानं लिहिलं होतं, ‘दिल्लीत बसून आम्हाला हे सुचलं नसतं.’

इंदूरहून डोळ्यांचे डॉक्टर आले, पाठोपाठ चष्मे आले. कुंभारणीनं आपला चष्मा लावून पहिल्यांदा पुस्तक पाहिलंच नाही. आत्याबाईंच्या तोंडाकडे बघून ती ओरडली, “अरे बाई, तम तो डोकरी हुई ग्या!” म्हातारी म्हटल्यावर सगळ्यांत जास्त आत्याबाईच हसल्या.

पुढे त्या लेकीकडे नागपूरला गेल्या, त्या तिथेच राहिल्या. त्यानंतर महिन्याभरानं मी खोलीवरून जात होतो. आत बायका एका पोस्टकार्डाभोवती डोकी जुळवून बसल्या होत्या. आत्याबाईंना पत्र लिहायचं चाललं होतं. “द्या, मी लिहून देतो,” म्हणत मी सवयीनं आत वाकलो.

कुंभारणीनं कार्डावर हात पालथा ठेवला.

“तम जाओ, मास्टरजी. म्हारी चिट्ठी हे.”