हातमाग, होडी आणि रिकामा डबा

मंडळी, गेल्या आठवड्यात घरातला शेवटचा हातमाग विकला आणि माझी झोपच उडाली. आज सकाळी एकदम ती होडी आठवली.

सत्तरच्या दशकात, ऐन पंचविशीत, मागाच्या खटखटीला कंटाळून मी ओळखीच्या कोळ्याची होडी मागून घेतली. हिप्परग्याच्या तलावात चार दिवस एकटाच राहिलो. सोबत भाकरी आणि शेंगाचटणी.

पण तिथं डोळ्याला डोळा लागेना! शेवटी होडीच्या कडेला रिकामा डबा बांधला. लाटांनी तो खटखटायला लागला आणि मी ढाराढूर.

चौथ्या दिवशी होडी परत न्यायला आलेला कोळी हसला, "लई शांत हाय म्हनून आलता, मग ह्यो डबा कशाला वो?"

आज दुपारी खिडकीच्या गजाला डबा टांगला. वारं आलं, झोपही आली.

तुमच्या घरातला कुठला आवाज बंद पडलाय?