स्नेहलची काट्याची कविता

काष्टीच्या आठवडे बाजारात लिंबं घ्यायची असतील तर स्नेहलकडं घ्या, असं मी भेटेल त्याला सांगतो. लोक माझ्याकडं असं बघतात, जणू मी त्यांना विष घ्यायला सांगितलं. मला मजा वाटते. ह्या वयात लोकांना चिडवण्याइतकी स्वस्त करमणूक दुसरी नाही.

मी नूरुद्दीन पिंजारी. गावातल्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो आणि मग सगळी हयात गाद्या भरल्या. निम्म्या गावाचे संसार माझ्या गाद्यांवर सुरू झालेत, म्हणून माझ्यासमोर कुणी फार ताठ बोलत नाही. एकदा एक पाटील, मी त्याचा कापूस चोरला म्हणून, माझ्या अंगावर आला. मी भर रस्त्यात त्याची जुनी गादी उसवली, तर आतून त्याच्या आईची तंबाखूची पिशवी निघाली, चुन्याच्या डबीसकट. पाटील गेला खाली मान घालून आणि म्हातारी मला जन्मभर शिव्या देत राहिली. ते असो. सांगायचं आहे स्नेहलचं.

स्नेहल आमच्याच गल्लीतली. आमच्या घरापासून चार घरं सोडून छबूबाईचं घर, तिची ही धाकटी. जन्माला आली तेव्हा मुलगा म्हणून पेढे वाटले होते. तेव्हाचं नाव मी सांगत नाही. तिला आवडत नाही, आणि तिच्या तोंडाला लागण्याची माझी टाप नाही. लहानपणी माझ्या कारखान्यात यायची, पिंजलेला कापूस डोक्यावर लांब पसरायची आणि म्हणायची, "चाचा, माझं केस बघा." मी म्हणायचो, "पार गुडघ्यापर्यंत गेलं गं, आता वेणी घाल." दुसरं काय म्हणायचं? लेकराला केस हवे होते, माझ्याकडं कापूस होता.

पुढं खरोखरीचे केस वाढले, तेव्हा थोरल्या भावानं, गोरक्षनं, मेंढरं कातरायच्या कात्रीनं ते कापले आणि तिला घराबाहेर काढलं. वडील आधीच वारले होते. छबूबाई दारात उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. स्नेहल पुण्याला गेली, तिथं आपल्यासारख्यांत राहिली, दुकानांवर आणि बारशांना आशीर्वाद देत फिरली. काही वर्षांनी परत आली ती साडी नेसून. बाजारामागं खोली घेतली आणि लिंबं विकायला बसली. मागणं सोडलं म्हणाली.

पण गाव सोडू देतंय होय? श्रीमंत नावाचा किराणावाला, ग्रामपंचायतीचा सदस्य, ह्यानंच तिला घरी नेऊन नातवाच्या डोक्यावर हात ठेवून घेतला. तिनं बरकतीसाठी दाताखाली धरून दिलेलं नाणं त्याच्या गल्ल्यात आजही आहे, कुणाला हात लावू देत नाही. आणि तोच श्रीमंत पारावर बसला की म्हणतो, "असली माणसं गावात ठेवायची न्हाईत."

आता माझी सून शकिला. ती आमच्या पुढच्या खोलीत शिवणक्लास घेते. एकदा नगरला गेली होती. नाव बदललं तरी आमच्या तोंडात नगरच येतं. तिथं बायका आणि तृतीयपंथी लेखक आपापलं लिहिलेलं माईकवर वाचत होते. कुणीही उठावं, नाव सांगावं, वाचावं. तिथं हिला कोण दिसलं, तर स्नेहल. मागच्या रांगेत बसलेली, वहीवर हात ठेवून, पण उठली काही नाही. परतीच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या आणि काष्टी येईपर्यंत ठरलं की असंच आपल्याकडं करायचं, आमच्या पुढच्या खोलीत, महिन्यातून एकदा दुपारी. वाचायचं बायकांनी आणि स्नेहलसारख्यांनी. पुरुषांनी ऐकायचं असेल तर उंबऱ्याबाहेर बसून ऐकायचं.

मी शकिलाला विचारलं, "आणि मी?"

"अब्बा, तुम्ही ओट्यावर. तुम्हाला वाचायचं असतं तर दुसऱ्या कुणाला पाळीच आली नसती."

खरंच आहे म्हणा.

पहिल्या दोन वेळा फार कुणाला पत्ता लागला नाही. शिवायला आलेल्या बायका, एक अंगणवाडीची बाई, एक कॉलेजची पोरगी. वाचायच्या, रडायच्या, हसायच्या, चहा प्यायच्या. स्नेहल ऐकायची. मग बोभाटा झाला. मशिदीतली दोन वडीलधारी माणसं आली. म्हणाली, "नूरभाई, घरात हे काय लावलंय?" मी म्हटलं, "गाद्या. मोकळ्या पडल्या होत्या, बायका बसतात." ते उठून गेले आणि तेव्हापासून माझ्या सलामाला नुसती मान हलवतात. गल्लीतल्या लोकांनी आपल्या बायकांना क्लास सोडायला लावला. आमच्या भिंतीवर कुणीतरी शेणाचे गोळे मारले. शकिलानं भिंत धुतली आणि तिसऱ्या वेळी स्पीकरचा बॉक्स आणि माईक भाड्यानं आणायचं ठरवलं.

बॉक्स कशाला, तर स्नेहलनं पहिल्यांदाच वाचायचं कबूल केलं होतं. तिची कविता आईवर होती आणि ती आईच्या कानावर जावी, एवढंच तिला हवं होतं. घरी जाऊन बघितलं तर गोरक्षनं अंगावर कुत्रं सोडलं. फोन केला तर गोरक्षच उचलायचा. "चार घरं तर हायेत चाचा," ती मला म्हणाली, "बॉक्स दाराकडं तोंड करून ठेवला तर ओट्यावर बसल्या बसल्या ऐकू येईल. मला जवळ न्हाई घेतलं तरी चालंल. ऐकलं पायजे."

गोरक्षला हे कळलंच. तो टेम्पो चालवतो; गावातली गोष्ट त्याच्या टेम्पोत बसल्याशिवाय पुढं जात नाही. त्या दुपारी तो टेम्पो घेऊनच आला आणि आमच्या दारासमोर आडवा लावला. मागून श्रीमंत आणि आणखी दहाबारा जण.

"नूरभाई," श्रीमंत म्हणाला, "म्हातारपणी घराचं थेटर केलं का?"

"व्हय. तिकीट न्हाई. बाहेर बसून ऐका."

"ह्या गल्लीत लेकीबाळी ऱ्हातात."

"त्याच आत बसल्यात."

गोरक्ष पुढं आला. "चाचा, तुमच्या वयाचा मान ठेवतुय. बॉक्स बंद करा."

"मान असू दे, बॉक्सबी असू दे."

"माझ्या पोरीची सोयरीक चाललीय. पाहुनं इचारत्यात, मुलीला चुलता हाय का चुलती. काय सांगू? कविता वाचायची तर पुन्याला वाच म्हनावं त्याला. हितं आमाला जगायचंय."

त्याचं दुःख खोटं नव्हतं. पण मेंढराच्या कात्रीचंही खोटं नव्हतं.

आत अंगणवाडीची बाई वाचत होती, बाहेरून शिट्ट्या चालू होत्या. कुणी म्हणालं, "ए, लावणी लाव." कुणी म्हणालं, "छक्क्याला नाचव आधी." आत मात्र एकानंही पाऊल टाकलं नाही. उंबऱ्यापाशी आले की थबकायचे. मला गंमत कळली. ते शकिलाला भीत नव्हते, मला तर नाहीच नाही. ते स्नेहलच्या शापाला भीत होते. तिनं नुसते हात वर केले असते तर श्रीमंत सगळ्यांत आधी पळाला असता.

शकिलालाही ते कळलं. ती स्नेहलच्या कानाशी लागली. मी दाराशीच होतो, मला ऐकू आलं. "ताई, बाहेर जा आणि एकदा शाप दे. दोन मिनिटांत गल्ली मोकळी होईल. मग निवांत वाच."

स्नेहल म्हणाली, "शाप समदी ऐकतील गं. मग कविता कोन ऐकंल? ह्या गावानं माझ्या तोंडून आशीर्वाद ऐकलाय, न्हाईतर शाप. तिसरं काय ऐकलंच न्हाई."

आणि ती माईकसमोर उभी राहिली. "मी स्नेहल," म्हणाली. आवाज गल्लीभर घुमला. दुसरा शब्द निघायच्या आत गोरक्षनं आमच्या मीटरपाशी जाऊन फ्यूजचा कटाऊट ओढून काढला आणि खिशात घातला. पंखा थांबला, बॉक्स मेला. बाहेर हशा झाला.

स्नेहलनं माईक खाली ठेवला आणि तशीच वाचायला लागली. बाजारात ओरडून तयार झालेला गळा तो. मग गोरक्ष टेम्पोत चढला आणि हॉर्न दाबून धरला. काय तो आवाज, माझी कवळी हलली. तेवढ्यात दारातलेच दोघं-तिघं त्याच्यावर खेकसले. "गोरक्ष, हात काढ लका. काय म्हनती ती ऐकू दे. उद्या पारावर सांगायला तरी पायजे."

हॉर्न थांबला. कविता लांब नव्हती. सगळ्यांनी ऐकली ती अशी:

आई लिंबाच्या बागेत रोजानं जायची,
तिच्या डाव्या हातात काटा मोडला.
मी दातानं काढला.
आई म्हणाली, माझं पोरगं गुणाचं हाय.
आई, तुला त्या दिवशी सांगायचं राहिलं,
काटा पोरानं न्हाई काढला,
काटा पोरीनं काढला.

बाहेर एकानं बायकी आवाज काढला, "काटा पोरीनं काढला गं बया," आणि सगळे असे हसले की श्रीमंतला ठसका लागला. हसत हसतच पांगले. गोरक्षनं जाताना कटाऊट गटारात फेकला.

स्नेहल गादीवर बसली. तिनं एवढंच विचारलं, "चाचा, तिच्यापर्यंत गेलं का?"

मी ओट्यावरून बघितलं होतं. छबूबाईचं दार बाहेरून कडी लावून बंद होतं आणि आत टीव्ही मोठ्यानं लावलेला होता. मी खरं ते सांगितलं. ती वही घेऊन निघून गेली.

त्या आठवड्यात सगळं वाईटच झालं. घरमालकानं तिला खोली सोडायला सांगितली. शकिलाच्या क्लासला फक्त अंगणवाडीची बाई उरली. आणि गावाला एक खेळणं मिळालं. टेम्पोच्या चाकातला खिळा कुणी काढला की दुसरा म्हणायचा, "पोरीनं काढला." हॉटेलात चहातली माशी काढली, पोरीनं काढला. शाळेतली पोरं एकमेकांना चिमटे काढून तेच ओरडायची. श्रीमंत तर दुकानात गिऱ्हाइकाला अख्खी कविता हातवारे करून म्हणून दाखवायचा, एक ओळ गाळायचा नाही. मी त्याला म्हटलं, "श्रीमंत, तुझं पाठांतर बरं हाय. शाळेत कुठं गेलं हुतं?" त्यानं मला मापटं फेकून मारलं. नेम चुकला.

पुढचं मला गिरणीवाल्या आसारामनं सांगितलं. छबूबाई दळण घेऊन गिरणीत गेली, तेव्हा रांगेतल्या दोघींनी तिला डिवचायला म्हणून कविता म्हटली. सुरुवातीपासून शेवटापर्यंत, ठेक्यात. छबूबाई ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "पुन्यांदा म्हन." त्या दोघी जरा चपापल्या, पण म्हटली. छबूबाई दळण तिथंच टाकून निघाली.

बाजाराचा दिवस होता. स्नेहलच्या नेहमीच्या जागेवर दुसऱ्याच कुणीतरी मिरच्या मांडल्या होत्या आणि कुणी त्याला उठवत नव्हतं, म्हणून ती पार टोकाला, शेळ्यांच्या बाजाराला लागून, पोतं अंथरून बसली होती. लिंबं होती तशीच होती. मी तिथं उभा होतो, गिऱ्हाईक असल्यासारखा. बघतो तर छबूबाई तरातरा येतेय, पदर कमरेला खोचलेला, मागं गिरणीतल्या बायका तमाशा बघायला. मला वाटलं, आता ही पोरीला सगळ्यांसमोर मारणार. स्नेहललाही तेच वाटलं असावं. ती उठून उभी राहिली आणि हात जोडले.

छबूबाईनं तिच्या नाकासमोर उजवा हात धरला.

"ह्या हातात मोडला व्हता. डाव्या न्हाई. ही खून बघ."

स्नेहल त्या खुणेवर वाकली.

"आन दातानं? दातानं कधी लिंबाचा काटा निघतुय का? सुई तापवून काढला व्हता. मी वरडले म्हनून तूबी रडाया लागलीस. ते का न्हाई लिवलं? अख्ख्या गावात माझं खोटं सांगत फिरती."

मागच्या बायकांतली एक फिदीफिदी हसली. छबूबाई वळली आणि तिला म्हणाली, "तुला काय झालं दात काढाया? तुझ्या पोरानं कधी काढला का तुझा काटा?" मग शेळ्यावाल्याला म्हणाली, "शेळी सरकव तिकडं, लिंबं खायला लागली." आणि पोत्याच्या कडेला खाली बसली.

"गोरक्ष बघंल, आई," स्नेहल हळूच म्हणाली.

"बघू दे. घरात गेल्यावर बोलंल, मारंलबी. ते माझं मी बघीन." तिनं लिंबांवरून हात फिरवला, नासकी दोन बाजूला टाकली. "तू घरला येऊ नगं. पर हे नीट कर. उजवा हात लिव. सुई लिव."

स्नेहलनं पिशवीतून वही काढली. घाईत पेनाचं टोपण उडून शेळ्यांत जाऊन पडलं. ते मी गुडघे धरत शोधून आणलं.

"सांग," ती म्हणाली. "पैल्यापासनं सांग."

छबूबाई सांगायला लागली.