शोकांतिका शिकवणारा भाऊ

तीस वर्षं मी संभाजीनगरच्या एका कॉलेजात शोकांतिका शिकवली. दुसऱ्यांच्या घरातल्या आगी रंगवून सांगायच्या आणि पगार घ्यायचा, असा हा धंदा. भाऊ भावाला विष देतो, मुलगा बापाला फसवतो, पुतण्या काकाच्या गादीवर डोळा ठेवतो. माझा तास सकाळी साडेसातचा असे. पोरं अर्धवट झोपेत येत, पण खून जवळ आला की मागच्या बाकावरचीही जागी होत, आणि मला त्याचा भारी अभिमान होता. घरी आलो की बायको विचारायची, "आज कुणाला मारून आलात?" मी चहा पिता पिता सविस्तर सांगायचो. आता निवृत्त झालोय, प्रकृती धड आहे, आणि कुणालाही मारावं लागत नाही. मजेत आहे.

माझं एक लाडकं वाक्य होतं. दरवर्षी ते मी फळ्यावर लिहायचो आणि खाली दोन रेघा ओढायचो: परका माणूस चोरी करतो, दगा फक्त घरचाच देऊ शकतो. पोरं ते वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत मलाच परत देत. माझंच वाक्य वाचून मी खूश होई आणि अर्धा मार्क जास्त देई.

त्यातली शेवटची नऊ वर्षं मी ते वाक्य लिहीत होतो, तेव्हा माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीला मी स्वतः फसवलेलं होतं.

आमची शेंद्र्याजवळ चार एकर जमीन. आई आधीच गेली होती, त्यामुळे वडील गेले तेव्हा वारस आम्ही दोघंच. आमच्याकडे रीत अशी, की बापाच्या माघारी बहिणीने हक्कसोड करून द्यायची, म्हणजे जमिनीतला आपला वाटा भावासाठी सोडायचा. भाऊ तिला साडीचोळी करतो, रजिस्ट्री ऑफिसच्या आसपास सगळे मिळून जेवतात, आणि माहेरचं दार उघडं राहिलं म्हणून बहीण समाधानाने सासरी जाते. पुष्कळ बहिणी हे समजून उमजून करतात. मी मात्र माझ्या बहिणीला समजूच दिलं नाही. तिकडे कारखाने आले होते, रस्ता रुंद झाला होता, आणि ही ऐन वेळी नाही म्हणाली तर, अशी मला धास्ती होती. म्हणून मी तिला सांगितलं, "वडलांच्या जागी आपल्या दोघांची नावं लावायचा कागद आहे." ती फर्दापूरहून एसटीने आली. तिने सही केली, अंगठा दिला, फोटो काढून घेतला. मी तिला चांगली भारी साडी घेतली.

नाटकात दगा देणारा माणूस आधी दोन पानं स्वतःशी बोलतो, मग त्याची झोप उडते, मग त्याला भास होऊ लागतात. मला यातलं काहीही झालं नाही. मी पोटभर जेवलो आणि दुपारी ताणून दिली. दुसऱ्या दिवशी साडेसातच्या तासाला वेळेवर हजर होतो.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना एका रविवारी पेपर तपासत बसलो होतो. प्रश्न नेहमीचाच, 'नाटकातील दगाबाज भावाचे स्वभावचित्र रेखाटा.' क्रूर, कपटी, सत्तेचा लोभी, असे गाइडमधले शब्द सगळ्यांनी रांगेने मांडले होते. एका मुलीने मात्र इतकंच लिहिलं होतं: 'हा माणूस मला वाईट वाटला नाही. माझा मामा असाच आहे. त्याने आईकडून हक्कसोड करून घेतली. दिवाळीला तो आईला साडी आणतो, आम्हाला फटाके आणतो. आम्हाला तो खूप आवडतो. आई त्या साड्या नेसत नाही.'

मी तिला दहापैकी नऊ दिले आणि पेन खाली ठेवलं. मलाही दोन भाचे आहेत. मीही फटाके नेतो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्याच दुपारी बायकोला सगळं सांगितलं. तिची समजूत होती की नणंदेने रीतीप्रमाणे वाटा सोडला. मग मीच मोठ्या मनाचा आव आणून म्हणालो, "मागची दोन एकर तिच्या नावे करून टाकतो."

मागची दोन एकर म्हणजे निव्वळ खडक.

"रस्त्याकडची द्या," ती म्हणाली. "नाहीतर पुढच्या वर्षीच्या पेपरात तुमचंच स्वभावचित्र लिहायला घाला."

पुढच्या रविवारी फर्दापूरला गेलो. लेणी बघायला येणाऱ्यांसाठी मेव्हण्याचं तिथं एक छोटं चहाचं हॉटेल आहे. वाटेत मी मनात भाषण जुळवत होतो, आणि सिल्लोड ओलांडेपर्यंत ते चांगलं अर्ध्या तासाचं झालं होतं. बहीण कढईसमोर भजी तळत उभी होती. तिला बघितलं आणि भाषण गेलं. "तो कागद नावं लावायचा नव्हता. तुझा वाटा मी काढून घेतला," एवढंच तोंडातून निघालं.

"मला ठावं हाय," भजी उलटत ती म्हणाली. "पोरानं मोबाईलवर सातबारा काढला व्हता. तुझं एकट्याचंच नाव. सात-आठ वर्सं झाली की."

"मग बोलली का नाहीस?"

"इचारलं असतं तर तू आणखी एक खोटं बोलला असतास, दादा. मग भाऊबीजेला मला यायला झालं नसतं."

मी शिकवलेल्या नाटकांत फसवलं गेलेलं माणूस एकतर तलवार उपसतं नाहीतर वेडं होतं. इथं ती सगळं ठाऊक असून दरवर्षी ताट घेऊन मला ओवाळत होती, आणि मी ओवाळून घेत होतो. मला भर हॉटेलात रडू आलं.

"रडू नको, गिऱ्हाईक हाय," ती म्हणाली आणि भज्यांची प्लेट माझ्यापुढं सरकवली.

डोळे पुसून मी दोन एकरांचं सांगितलं. 'नको रे दादा, तुलाच राहू दे,' असं ती म्हणेल अशी माझी थोडी अपेक्षा होती, आणि खोटं कशाला बोलू, थोडी आशाही होती. तिने विचारलं, "रस्त्याकडची का मागची?" रस्त्याकडची म्हटल्यावर म्हणाली, "मंग कवा येऊ?" मी भजी संपवली. झकास झाली होती.

महिन्याभराने रजिस्ट्री ऑफिसात बक्षीसपत्र करायला आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी भराभर सह्या केल्या आणि कागद तिच्याकडे दिला. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. गट नंबर, चारी बाजूंच्या हद्दी, सगळं, बोट ठेवून. आमचा नंबर पुकारून झाला, मागचे लोक कुरकुरू लागले. दस्त लिहिणारा म्हणाला, "ताई, नेहमीचाच मजकूर असतो." तिने वर बघितलंही नाही. मला आधी अपमान वाटला. मग वाटलं, वाचू दे. तीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने एखादं पान इतकं मन लावून वाचलं नव्हतं. तिच्या शेजारी बसून राहायला मला बरं वाटू लागलं.

शेवटच्या पानावर तिचं बोट थांबलं.

"दादा, इथं लिवलंय, राजीखुशीनं, कुणाच्या दबावाखाली न येता, समजून उमजून लिहून देत आहे. ह्ये तू लिवून देतोस?"

"हो."

"मागल्या कागदात बी आसंच लिवलं व्हतं का? माझ्या नावानं?"

"हो," मी म्हणालो. "असंच लिहिलं होतं."

तिने मान हलवली, माझ्याकडून पेन घेतलं आणि सही केली.