आत्यांच्या खोलीतली रेंज

आमच्या आत्यांना, म्हणजे यांच्या आत्याला, जन्मापासून ऐकू येत नाही. उभी हयात शर्टांच्या कारखान्यात काजं करण्यात गेली. शाळेपासूनची एकच मैत्रीण, तीही बहिरी. दोघी व्हिडिओ कॉलवर हातांनी अशा बोलतात, की बघणाऱ्याचीच दमछाक व्हावी. त्यात मैत्रिणीची नजर जायला लागली. दिसतंय तोवर बोलून घ्यायचं, एवढंच दोघींचं मागणं. आणि आत्यांच्या मागच्या खोलीत वायफाय पोचेना. चित्र अडकायचं, मैत्रिणीचा हात हवेतच थांबायचा. हॉलमध्ये बसा म्हणावं, तर तिथे धाकट्या दिराचं लोळणं. "त्यांचे हातवारे टीव्हीच्या मध्ये येतात," म्हणे.

नवं यंत्र निवडायचं कामही याच भाऊजींनी अंगावर घेतलं. झालं, बोंबललंच. आधी कितीतरी दिवस नुसती माहिती काढली. मग नेट पुढे ढकलणारा एक रिपीटर आणला आणि आत्यांच्याच खोलीत खोचला.

मी म्हटलं, "भाऊजी, जिथे नेट येतच नाही, तिथून हा पुढे काय पाठवणार? अर्ध्या वाटेत लावा."

"वहिनी, तुम्ही स्वयंपाकाचं बघा."

मोबाईलवर दांड्या भरलेल्या, चित्र तसंच मेलेलं. वर म्हणतात कसे, "साधा फोन करायला काय होतं त्यांना?" जिला ऐकू येत नाही, तिने! शी, जिभेला काही हाड?

मग आला मेश, म्हणजे एकमेकांना नेट पोचवणारे तीन डबे. मला वाटलं, सुटलो एकदाचे. तर एक डबा हॉलमध्ये, एक भाऊजींच्या खोलीत आणि तिसरा बाल्कनीत, कारण साहेब तिथे सिगारेट ओढत मॅच बघतात. आमचे हे पेपरात तोंड खुपसून बसलेले. या दोघांचे शाळेचे गणवेश आत्यांनी शिवलेत. किळस आली मला दोघांची.

शेवटी मीच बाल्कनीतला डबा उपटला आणि आत्यांच्या दाराशी लावला. आत्यांनी कॉल केला. चित्र इतकं स्वच्छ, की मैत्रिणीच्या स्वेटरचे टाके मोजून घ्यावेत. आत्या खुलल्या, हात भराभरा चालायला लागले. मैत्रीण मात्र फोन डोळ्यांशी नेत होती, लांब धरत होती, तिरका करत होती. मग तिने हातानेच विचारलं. तेवढी खूण मलाही कळते. कुठे आहेस तू?

इथेच आहे, इथेच आहे, आत्या तेच तेच हातांनी सांगत राहिल्या, कितीतरी वेळ.

भाऊजी दारातून फोनमध्ये डोकावले. "बघा वहिनी," म्हणाले, "माझी निवड चुकली नव्हती."